दोनशे फोन आणि एक टक्केवारी: नमुन्यावरून सगळ्यांचं प्रमाण कसं सांगायचं

आमच्या वाचनालयात गेल्या वर्षी काउंटरवर एक पेटी ठेवली होती. मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरातलं वाचनालय, २६४० सभासद, दार संध्याकाळी साडेसातला बंद. पेटीवर प्रश्न होता: रात्री साडेनऊपर्यंत उघडं ठेवलं तर याल का? महिन्याभरात ४१२ चिठ्ठ्या पडल्या, त्यातल्या ९१ ‘हो’. म्हणजे २२ टक्के. खजिनदार काकांनी विजेचं बिल वाचलं म्हणून समाधानाने वही मिटली.

मी सांख्यिकीत एमएस्सी केलेली, आणि त्या सभेत मीही मान डोलावली होती. दोन दिवसांनी रात्री सव्वाआठला स्टेशनवरून घरी येताना वाचनालयाचं कुलूप दिसलं आणि चूक कळली. पेटी काउंटरवर होती. काउंटरपर्यंत कोण पोचतं? ज्याला सध्याची वेळ जमते तो. ज्याची गाडी साडेसातला अजून कुर्ल्यातच असते, त्याला पेटी आहे हेही माहीत नव्हतं.

गंमत अशी, की त्या ४१२ चिठ्ठ्या सूत्रात घातल्या तर ‘२२ टक्के, अधिक-उणे ४’ असं दिमाखदार उत्तर येतं. सूत्राला पेटी कुठे ठेवली होती ते कळत नाही. मग आम्ही सगळं नव्याने केलं, यादीतून माणसं निवडून, फोन करून. प्रमाणाचा विश्वास अंतराल (खरं प्रमाण कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये असावं याचा अंदाज) आणि परिकल्पना चाचणी (एखादं म्हणणं आकड्यांपुढे टिकतं का ते बघणं) कशी करायची ते त्याच आकड्यांवर दाखवते. कॉलेजात यालाच ‘कॉन्फिडन्स इंटर्व्हल’ आणि ‘हायपोथिसिस टेस्टिंग’ म्हणतात. गणित आठवीतलं आहे, एक वर्गमूळ सोडलं तर.

आधी कागदावर लिहायच्या गोष्टी

फोन उचलण्याआधी तीन गोष्टी ठरवून, तारीख घालून, सभेच्या वहीत लिहिल्या.

एक, समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो पूर्ण गट, कोणती. ‘मुंबईतले वाचक’ नाही, ‘आपल्या भागातले लोक’ नाही, तर नोंदवहीत आज चालू असलेले २६४० सभासद. निष्कर्ष तेवढ्यांनाच लागू. उद्या कोणी त्यावरून शेजारच्या उपनगराबद्दल बोलायला लागलं तर त्याला तिथेच थांबवायचं.

दोन, मोजायचं काय. ‘रात्रीची वेळ आवडेल का?’ या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? प्रश्न असा केला: ‘साडेसात ते साडेनऊ या वेळेत आठवड्यातून निदान एकदा याल का?’ उत्तर हो किंवा नाही. ‘बघू’ म्हणणाऱ्याला ‘नाही’त टाकायचं हेही आधीच ठरलं, कारण नंतर ठरवलं असतं तर प्रत्येक ‘बघू’ आपल्या सोयीच्या बाजूला गेला असता.

तीन, परिकल्पना. कार्यकारिणीचं म्हणणं होतं, निम्म्याहून जास्त सभासद येणार असतील तरच एका माणसाचा जादा पगार परवडेल. म्हणून शून्य परिकल्पना, म्हणजे आधी खरं धरून मग मोडता येतं का बघायचं ते म्हणणं: खरं प्रमाण ५० टक्के (किंवा त्याहून कमी). पर्यायी परिकल्पना: ५० टक्क्यांहून जास्त. सार्थकता पातळी, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असूनही चुकून नाकारण्याची जोखीम, ५ टक्के. हा ५ काही देवाने दिलेला नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून तो रूढ झाला. चुकीच्या होकाराची किंमत जास्त असेल, समजा औषधाचा प्रश्न असेल, तर १ टक्का घ्या. आमच्या बाबतीत नुकसान म्हणजे चार महिन्यांचा पगार. ५ पुरे.

पर्यायी परिकल्पना एकाच बाजूची (‘जास्त’) की दोन्ही बाजूंची (‘वेगळं’), हेही आधीच लिहायचं. निकाल बघून एका बाजूची निवडलीत तर पी-व्हॅल्यू (शून्य परिकल्पना खरी असताना असा निकाल निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता) फुकटात निम्मी होते. हा हातचलाखीचा प्रकार प्रकल्प-अहवालांत फार दिसतो.

किती जणांना विचारायचं

सूत्र: नमुना = १.९६² × प्रमाण × (१ − प्रमाण) ÷ चालेल तेवढ्या फरकाचा वर्ग.

१.९६ हा आकडा ९५ टक्के विश्वासासाठी. ९० टक्क्यांना १.६४५ आणि ९९ ला २.५७६. प्रमाण तर अजून माहीतच नाही, तेच तर शोधायचंय, म्हणून ०.५ घ्यायचं. प्रमाण ०.५ असताना गुणाकार सगळ्यात मोठा येतो, म्हणजे नमुना कमी पडायची भीती नाही.

अधिक-उणे ७ टक्के चालणार असेल तर: ३.८४१६ × ०.२५ ÷ ०.००४९ = १९६. अधिक-उणे ५ हवं तर ३८५. अधिक-उणे ३ हवं तर १०६८. फरक निम्मा करायचा तर माणसं चौपट लागतात. वर्गमूळ आहे, घासाघीस चालत नाही. फोन करायला आम्ही तिघं, त्यातली एक नातीला सांभाळत फोन करणारी. ७ वर तडजोड झाली.

इथे सगळे एक प्रश्न विचारतात: २६४० मधले फक्त २००? हे तर साडेसात टक्केच झाले! पण नमुन्याची ताकद त्याच्या स्वतःच्या आकारात असते, समष्टीच्या किती टक्के आहे यात जवळपास नसतेच. आमटीची चव बघायला पातेलं लहान असो की लग्नातलं, पळीभरच लागते. अट एवढीच, की आधी ढवळलेली असावी. आमची पेटी म्हणजे न ढवळलेल्या आमटीची वरची तर्री होती.

निवड

सभासदांना १ ते २६४० अनुक्रमांक दिले, एक्सेलच्या ‘रँडबिटवीन’ने आकडे काढले, दुबार आलेले वगळले. चारातला एक जण सापडणार नाही असं धरून २६० नावं घेतली. कोणालाही ‘हे ओळखीचे आहेत, यांच्याऐवजी ते घेऊ’ करू दिलं नाही. या एका नियमावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी सगळ्या गणितावरून झाली नाहीत.

अशा यदृच्छ (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निव्वळ नशिबावर सोडलेल्या) निवडीच्या ऐवजी ‘दहा बिल्डिंगा घ्या आणि प्रत्येकीत वीस जण गाठा’ अशीही सूचना आली होती. चालेल, पण मग पुढची सूत्रं जशीच्या तशी लागू होत नाहीत. एका बिल्डिंगमधले लोक एकमेकांसारखे असतात, त्यामुळे वीस उत्तरांत वीस जणांची माहिती नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत १९९२-९३ पासून होत आलं आहे. त्यातही वस्त्यांचे गट निवडूनच कुटुंबं घेतात, आणि म्हणून त्यांच्या त्रुटींचा हिशोब वेगळा, जास्त किचकट असतो. आपण यादीतून सरळ निवड करू शकत असू तर ते सोनंच.

फोनच्या वेळेनेही फसवलं. पहिल्या दिवशी सकाळी अकरा ते एक फोन केले. उचलले ते बहुतेक निवृत्त आणि घरी असणाऱ्यांनी. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते त्या वेळी ऑफिसात. मग रविवारी सकाळी आणि रात्री नऊनंतर, प्रत्येक नंबरला चार वेळा प्रयत्न. शेवटी २०० जणांनी उत्तर दिलं, ६० जणांनी नाही. २०० पैकी ११६ ‘हो’.

विश्वास अंतराल

नमुन्यातलं प्रमाण: ११६ ÷ २०० = ०.५८.

प्रमाण त्रुटी (नमुना बदलला तर हा आकडा साधारण किती इकडेतिकडे होईल ते; कॉलेजात ‘स्टँडर्ड एरर’): √(०.५८ × ०.४२ ÷ २००) = √०.००१२१८ = ०.०३४९.

तिला १.९६ ने गुणा: ०.०६८४.

अंतराल: ०.५८ − ०.०६८४ ते ०.५८ + ०.०६८४, म्हणजे ५१.२ ते ६४.८ टक्के.

हे करायच्या आधी दोन गोष्टी तपासा: होकार आणि नकार दोन्ही निदान दहा-दहा आहेत ना (११६ आणि ८४, ठीक), आणि नमुना समष्टीच्या १० टक्क्यांहून कमी आहे ना (७.६, ठीक). दुसरी अट मोडत असेल तर घाबरू नका. प्रमाण त्रुटीला √((२६४० − २००) ÷ २६३९) अशा गुणकाने गुणायचं, म्हणजे अंतराल उलट थोडा अरुंदच होतो. आमच्याकडे तो गुणक ०.९६, अंतराल ५१.४ ते ६४.६ झाला असता. मी सोडून दिला.

आता ९५ टक्के म्हणजे काय? ‘खरं प्रमाण या दोन आकड्यांत असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, पण या पद्धतीत त्याचा अर्थ तो नाही. माहीमच्या जत्रेत बाटलीवर रिंग टाकायचा खेळ आठवा. बाटली जागची हलत नाही. हलते ती रिंग. खरं प्रमाण म्हणजे बाटली. ते एकच आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. दर वेळी नवा नमुना काढला की नवी रिंग पडते. ही पद्धत वापरून शंभर रिंगा टाकल्या तर सरासरी ९५ बाटलीवर बसतील. आपल्या हातची ही एक रिंग बसली की नाही, ते ती रिंग सांगू शकत नाही.

परिकल्पना चाचणी

इथे एक बारकावा हमखास निसटतो. अंतराल काढताना प्रमाण त्रुटीत ०.५८ घातलं. चाचणीत मात्र शून्य परिकल्पना खरी धरून चालतो, म्हणून ०.५ घालायचं.

√(०.५ × ०.५ ÷ २००) = ०.०३५३६

झेड (फरक किती प्रमाण त्रुटींएवढा आहे ते) = (०.५८ − ०.५०) ÷ ०.०३५३६ = २.२६

झेडच्या तक्त्यात, किंवा एक्सेलच्या ‘नॉर्म डॉट एस डॉट डिस्ट’ने, २.२६ च्या उजवीकडचं क्षेत्रफळ (एक्सेल डावीकडचं देतं, ते १ मधून वजा करायचं): ०.०१२. ही पी-व्हॅल्यू. नेमका द्विपद वितरणाने (हो-नाही उत्तरांच्या शक्यता एकेक मोजून) हिशोब केला तर ०.०१४ च्या आसपास येते. निर्णय बदलत नाही.

तिचा अर्थ मराठीत असा: खरोखर निम्मेच सभासद येणार असते, तर निव्वळ निवडीच्या नशिबाने दोनशेत ११६ किंवा त्याहून जास्त होकार मिळणं शंभरात एखाद्या वेळीच घडलं असतं. ०.०१२ हे ०.०५ पेक्षा कमी, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली. पी-व्हॅल्यू म्हणजे ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता’ नव्हे. खजिनदार काका आजही सभेत तसंच सांगतात आणि मी आजही टोकते.

आणि समजा नाकारता आली नसती तर? तर ‘निम्मेच लोक येणार हे सिद्ध झालं’ असं म्हणता आलं नसतं. २०० च्या नमुन्यात शून्य परिकल्पना नाकारायला निदान ११२ होकार लागतात. खरं प्रमाण ५५ टक्के असतं, तरी ११२ गाठण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के. म्हणजे दहातल्या सहा वेळा आम्ही हात हलवत परतलो असतो, खरोखर बहुमत असूनही. चाचणीची ही ताकद आधीच काढून बघावी. ५५ टक्केसुद्धा पकडणं महत्त्वाचं असेल तर २०० पुरत नाहीत, हे फोन करण्याआधी कळलेलं बरं.

आकडे लहान असतील तेव्हा

सोबत आणखी एक प्रश्न विचारला होता. ८० वर्षांवरच्या, नमुन्यात आलेल्या २४ सभासदांना: मोठ्या टायपातली पुस्तकं हवीत का? फक्त दोघं हो म्हणाले. ८.३ टक्के. वरच्याच सूत्राने अंतराल काढला तर उणे २.७ ते १९.४ टक्के. उणे २.७ टक्के आजी-आजोबा ही काय भानगड?

सूत्र बिघडलेलं नाही; होकार दहाहून कमी असल्यामुळे ते इथे लावायचंच नव्हतं. सोपा उपाय: दोन होकार आणि दोन नकार मनाने वाढवा, मग नेहमीचं सूत्र लावा. ४ ÷ २८ = ०.१४३, प्रमाण त्रुटी ०.०६६, अंतराल १.३ ते २७.२ टक्के. अ‍ॅग्रेस्टी आणि कूल यांनी १९९८ मध्ये सुचवलेली ही युक्ती. तिचा आधार असलेलं एडविन विल्सन यांचं १९२७ चं सूत्र थोडं लांब आहे, पण जास्त चांगलं, त्याने २.३ ते २५.८ येतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘विल्सन’ पर्याय दिसला तर डोळे मिटून तोच घ्या. नमुना मोठा असेल तेव्हाही त्याने नुकसान होत नाही: आमच्या ११६ वर तो ५१.१ ते ६४.६ देतो.

एकही होकार नसेल तर? ६० जणांना विचारलं आणि शून्य आले, तर खरं प्रमाण ९५ टक्के विश्वासाने ३ ÷ ६०, म्हणजे ५ टक्क्यांहून कमी. हा तोंडी हिशोब कारखान्यातल्या तपासणीपासून सोसायटीच्या तक्रारवहीपर्यंत कुठेही चालतो.

दोन गटांची तुलना

दोनशेपैकी ११० जण रोज लोकलने कामाला जाणारे. त्यांच्यात ७२ होकार, ६५.५ टक्के. उरलेल्या ९० मध्ये ४४, म्हणजे ४८.९ टक्के. हा फरक खरा की नशिबाचा?

ग्रंथपाल बाईंनी हुशारीने दोन्ही गटांचे अंतराल वेगवेगळे काढले: ५६.६ ते ७४.३ आणि ३८.६ ते ५९.२. ‘एकमेकांवर चढतायत की, म्हणजे फरक नाही,’ त्या म्हणाल्या. चांगले चांगले इथे घसरतात. अंतराल एकमेकांना शिवत नसतील तर फरक आहे हे खरं. पण थोडेसे शिवतात म्हणून फरक नाही, हे खरं नाही. अंतराल फरकाचाच काढायला हवा.

फरक: ०.१६६. त्याची प्रमाण त्रुटी म्हणजे दोन्ही प्रमाण त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ: √(०.००२०५६ + ०.००२७७६) = ०.०६९५. अंतराल: २.९ ते ३०.२ टक्के-बिंदू. शून्य त्यात नाही.

चाचणीसाठी दोन्ही गट एकत्र करून मिळालेलं ०.५८ वापरायचं, कारण शून्य परिकल्पना सांगते की दोन्हींचं प्रमाण एकच: √(०.५८ × ०.४२ × (१ ÷ ११० + १ ÷ ९०)) = ०.०७०२. झेड २.३६, दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू ०.०१८. फरक आहे. मात्र अंतराल केवढा रुंद आहे तेही बघा: फरक ३ चा असू शकतो आणि ३० चाही. ‘फरक सिद्ध झाला’ एवढंच लिहिणारे अहवाल ही रुंदी गिळून टाकतात.

हा एकच गट-फरक आम्ही आधी ठरवला होता. स्त्री-पुरुष, पूर्व-पश्चिम, मराठी कादंबरीवाले-इंग्रजीवाले अशा वीस तुलना करत बसलो असतो, तर खरा फरक कुठेच नसतानाही सरासरी एक तरी ५ टक्क्यांच्या खाली आलीच असती.

सूत्राबाहेरची चूक

आता त्या न सापडलेल्या साठ जणांकडे येऊ. ते सगळे ‘नाही’ म्हणणारे निघाले असते तर २६० पैकी ११६, म्हणजे ४४.६ टक्के. सगळे ‘हो’ म्हणणारे असते तर ६७.७. म्हणजे अधिक-उणे ७ वर आम्ही एवढा जीव काढला, आणि साठ न उचललेल्या फोनांत त्याहून मोठी अनिश्चितता बसलेली. वास्तव या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असणार. आमचा अंदाज असा, की फोन न उचलणाऱ्यांत उशिरा घरी पोचणारे जास्त असावेत. पण तो अंदाजच, म्हणून अहवालात साठचा आकडा उघड लिहिला.

नमुना वाढवून ही चूक जात नाही. १९३६ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी तिथल्या ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २३ लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून नियतकालिकाने उमेदवार लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी दोन सोडून सगळी राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या यादीतून घेतलेले, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे वेगळेच.

आपल्याकडेही याचं छान उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकाच्या अंदाजासाठी कापणी करायच्या नमुना-तुकड्यांचा अभ्यास केला. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं असं त्यांना दिसलं, कारण कडेवरचं रोप आत की बाहेर असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. असे लहान तुकडे हजारो घेतले तरी प्रत्येकात तीच चूक. सरासरीत ती विरत नाही, पक्की होते.

आमचं कडेवरचं रोप म्हणजे तो ‘बघू’.

शेवटी सूचना फलकावर लावलेला कागद असा होता: ‘चालू सभासद २६४०. यदृच्छ निवडलेले २६०. उत्तर दिलेले २००, संपर्क न झालेले ६०. रात्री आठवड्यातून एकदा येऊ म्हणणारे ११६ (५८ टक्के, ९५ टक्के विश्वास अंतराल ५१ ते ६५). बघू म्हणणारे नकारात धरले.’ दशांश मुद्दाम काढून टाकले.

ग्रंथपाल बाईंनी तो वाचला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, ‘येऊ म्हणणारे कळले. येणारे किती?’ त्याला माझ्याकडे सूत्र नव्हतं. त्या सोमवारपासून चार आठवडे साडेनऊपर्यंत दिवे चालू ठेवायचे आणि दारात सहीचं रजिस्टर ठेवायचं ठरलं. पेटी काका घरी घेऊन गेले.